गाडी डावीकडे बसलीय, पुढून टकटक वाजतंय: चारही शॉकअप बदलायचे का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापुरात वापरातली नऊ वर्षांची पेट्रोल हॅचबॅक, 85,000 किलोमीटर झालेली. पुढे स्ट्रट (शॉकअप आणि त्याभोवतीची स्प्रिंग एकत्र), मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाकं जोडणारी आडवी तुळई), डिकीत नंतर बसवलेली सीएनजीची टाकी. गाडी डाव्या अंगाला साधारण दोन सेंटीमीटर बसलेली दिसते. खराब रस्त्यावर वीस-तीसच्या वेगात पुढून डावीकडून ‘टक-टक’ येतं आणि जागेवर स्टेअरिंग फिरवलं की कधीकधी ‘टंग’ असा स्प्रिंग उडाल्यासारखा आवाज होतो. गॅरेजमध्ये चारही शॉकअप बदलायला सांगितलेत. बदलावेत का?

इतक्यात नको. गाडीची उंची शॉकअप धरत नाही, स्प्रिंग धरते. शॉकअपचं काम स्प्रिंगची उसळी शमवण्याचं, म्हणजे खड्ड्यातून गेल्यावर गाडी हलत राहू नये एवढंच. गॅसच्या शॉकअपमध्ये थोडा दाब असतो, त्याने गाडी फार तर दोन-चार मिलीमीटर उचलली जाईल. दोन सेंटीमीटरचा फरक शॉकअपने पडत नाही आणि नव्या शॉकअपने भरूनही निघत नाही. चारही बदलून गाडी बाहेर काढलीत तर ती तशीच डावीकडे कललेली असेल, आणि टकटकही बहुतेक तशीच.

आधी माप घ्या, आणि तेही नीट. डोळ्याला गाडी बसलेली दिसते तेव्हा निम्म्या वेळा जमीनच तिरकी असते. पेट्रोल पंपाच्या आवाराला पाणी वाहून जायला उतार असतो, गॅरेजच्या फरशीलाही असतो. गवंड्याकडे पारदर्शक पाण्याची नळी असते, ती मागून आणा. चारही चाकं जिथे टेकणार त्या जागा नळीने तपासा. डावी-उजवी बाजू पाच मिलीमीटरच्या आत सपाट असेल तर चालेल. नसेल तर खालच्या चाकाखाली पत्रा किंवा प्लायवूडचा तुकडा घालून सारखी करा.

हवा सकाळी, टायर गार असताना भरा. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतं, त्यावरचा आकडा. डिकी रिकामी, आत कोणी बसलेलं नाही. मग गाडी दोन-तीन मीटर पुढे-मागे ढकला आणि चारही कोपरे दोन-तीनदा दाबून सोडा. हे गाळू नका. जॅकवरून नुकतीच उतरवलेली गाडी दोन्ही टायर आत ओढून उभी राहते आणि चांगली सेंटीमीटर-दोन सेंटीमीटर उंच दिसते.

आता चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर टेपने घ्या. जमिनीपासून नको, कारण त्यात टायरची झीज आणि हवा दोन्ही मिसळतात. चार आकडे कागदावर लिहा आणि कागद जपून ठेवा, पुढे नट आवळताना लागणार आहे. एकाच एक्सलवर डाव्या-उजव्यात 10 मिलीमीटरपर्यंतचा फरक जुन्या गाडीत असतोच. 15 च्या पुढे गेला की कारण शोधायचं. 20 असेल तर काहीतरी तुटलंय, दबलंय किंवा चुकीचं बसलंय. मडगार्ड कधी ठोकून सरळ केलेलं असेल तर त्याच्या कडेवर भरवसा नको. अशा वेळी दाराखालच्या पट्टीवरची जॅक लावायची खाच धरून तिथून जमिनीपर्यंत मोजा.

पुढचा पेच असा की एक कोपरा बसला की सगळी गाडी तिरकी होते. डावी पुढची स्प्रिंग बसली तर डावी मागची बाजूही थोडी खाली दिसते आणि उजवी मागची किंचित वर उठते. दोष पुढचा की मागचा, हे एका जॅकने कळतं. हँडब्रेक सोडा, कारण ब्रेक लागलेला असला की मागची चाकं सस्पेन्शनला मोकळं हलू देत नाहीत. मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड किंवा ठोकळे लावा. ट्रॉली जॅक पुढच्या क्रॉसमेंबरच्या, म्हणजे इंजिनखालच्या जाड आडव्या तुळईच्या, बरोबर मध्यावर लावा, रेडिएटरखालच्या पातळ पट्टीला नव्हे. जॅकच्या थाळीवर अरुंद लाकडी ठोकळा ठेवा, म्हणजे गाडी त्यावर डावी-उजवीकडे झुकू शकेल. पुढची चाकं जेमतेम उचला. आता गाडी तीन पायांच्या तिवईसारखी उभी आहे आणि पुढच्या स्प्रिंगांचा तिच्या झुकण्याशी काही संबंध उरलेला नाही. मागची मापं परत घ्या. दोन्ही सारखी आली तर मागचं ठीक आहे, दोष पुढे. कल तसाच राहिला तर दोष मागे. या अवस्थेत गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही. आणि हाच प्रयोग उलटा, टॉर्शन बीमच्या मध्याला जॅक लावून, करू नका. बीम वाकतो.

तुमची लक्षणं वाचून पैज पुढच्या डाव्या स्प्रिंगवर लावावीशी वाटते. स्प्रिंगचा सगळ्यात खालचा वेढा स्ट्रटच्या वाटीत बसतो. त्या वाटीत चिखल आणि खडी साचते, स्प्रिंगवरचा रंगाचा थर खरवडला जातो, तिथे गंज खड्डे पाडतो आणि त्या खड्ड्यातून तडा जातो. आपल्याकडची काळी माती एकदा तिथे चिकटून वाळली की सिमेंटसारखी बसते, आणि तुटलेलं टोक तिच्याखाली वर्षभर दिसत नाही. डाव्या बाजूचंच का, याचं उत्तर आपल्या रस्त्यांत आहे. ऊस हंगामात समोरून दोन-दोन ट्रेलरचा ट्रॅक्टर आला की डावी चाकं डांबरावरून साइडपट्टीवर उतरतात आणि परत कडेवर चढतात. तो धक्का प्रत्येक वेळी डाव्या स्प्रिंगला, डाव्या लिंक रॉडला आणि चाक खालून धरणाऱ्या डाव्या लोअर आर्मला बसतो.

तपासायचं असं: चाक काढा, गाडी स्टँडवर ठेवा, वाटीतली माती स्क्रूड्रायव्हरने उकरून पाण्याने धुवा आणि टॉर्च मारून स्प्रिंगचं टोक शोधा. शाबूत टोक कापलेलं, सपाट दिसतं. तुटलेलं टोक तिरकं आणि दाणेदार असतं. कळत नसेल तर दोन्ही बाजूंचे वेढे मोजा. डावीकडे अर्धा वेढा कमी भरला तर विषय संपला. तुटकी स्प्रिंग आढळली तर गाडी महिनाभर ‘बघू’ म्हणून चालवू नका, कारण तुटलेलं टोक सरकून टायरच्या आतल्या भिंतीला लागतं आणि हायवेवर टायर कापतं.

‘टंग’चा दुसरा संशयित स्ट्रटचं वरचं माउंटिंग आणि त्यातलं बेअरिंग. स्टेअरिंग फिरवल्यावर स्ट्रट स्प्रिंगसकट फिरायला हवा. बेअरिंगमध्ये धूळ जाऊन ते जाम झालं की खालून स्प्रिंग पिळली जाते, वर अडकते, आणि पीळ एकदम सुटतो. तोच आवाज. चाकं जमिनीवर असताना एकाने स्टेअरिंग सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवावं, दुसऱ्याने बोटं स्प्रिंगवर नुसती टेकवून ठेवावीत, वेढ्यांच्या मध्ये घालू नयेत. चांगली स्प्रिंग सलग फिरते. जाम असेल तर थांबते, थरथरते आणि बोटाला झटका देते. माउंटिंगचं रबर दबलेलं असेल तर बॉनेट उघडून वरची टोपी काढल्यावर दोन्ही बाजूंचा नट सारख्या उंचीवर दिसत नाही. नुसत्या दबलेल्या रबराने पाच-दहा मिलीमीटर उंची जाते.

मागचा भाग पटकन. तुमच्या रचनेत मागची स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे असतात. स्प्रिंगच्या वर-खाली रबरी बैठक असते आणि स्प्रिंगचं टोक तिच्यातल्या पायरीला टेकून बसावं लागतं. कोणी काम करताना स्प्रिंग फिरवून बसवली किंवा रबर घालायलाच विसरलं, तर सेंटीमीटरभर फरक तिथेच पडतो.

सीएनजीच्या टाकीने मात्र मागची बाजू दोन्हीकडून बसते, एकीकडून नाही. टाकी, गॅस आणि पट्ट्या मिळून साठ-सत्तर किलो कायमचे डिकीत आले. मागच्या एका चाकाला एक मिलीमीटर दाबायला दोन किलो लागतात असं धरलं, तर 60 किलोंना दोन्ही चाकं मिळून 15 मिलीमीटर. वर कधी चादरी-टॉवेलच्या गठ्ठ्यांचे शंभर किलो पडले की बंप स्टॉपर, म्हणजे स्प्रिंग पुरती दबली की धक्का झेलणारा ठोकळा, टेकतोच. यावर स्वस्त उपाय म्हणून वेढ्यांमध्ये रबरी बफर ठोकून देतात. देऊ नका. रबर घातलेला वेढा काम करायचा थांबतो, त्याच्या वाट्याचं वळण बाकीच्या वेढ्यांवर पडतं आणि स्प्रिंग रबराच्या कडेलाच तुटते. त्याच मॉडेलची कंपनीतून सीएनजी असलेली गाडी निघत असेल तर तिच्या मागच्या स्प्रिंगचा पार्ट नंबर बघून ती जोडी घाला. स्प्रिंगवर रंगाचे ठिपके असतात, ते प्रकार ओळखायचे. दोन्ही बाजूंना एकच रंग आहे ना, ते दुकानातच बघून घ्या.

आता ‘टक-टक’. उंचीचा आणि या आवाजाचा संबंध असेलच असं नाही, आणि दोन रोगांना एकच औषध शोधण्यातच पैसे जातात.

बारीक खडबडीवर, कमी वेगात, हलकी आणि जलद टकटक म्हणजे दहातल्या बहुतेक वेळा लिंक रॉड. हा छोटा दांडा चाकाकडच्या भागाला अँटी-रोल बारशी, म्हणजे वळणावर गाडी झुकू न देणाऱ्या आडव्या बारशी, जोडतो. हा बार दोन चाकं वेगवेगळी हलली तरच काम करतो. म्हणून चाचणी सोपी आहे. एक रुंद स्पीडब्रेकर निवडा. आधी दोन्ही चाकं एकदम, सरळ न्या. मग एकच चाक वर जाईल असं तिरकं न्या. सरळ जाताना गप्प आणि तिरकं जाताना टकटक, तर लिंक रॉड किंवा बारचे बुश (बार धरून ठेवणारे रबर). काळ्या मातीवरच्या रस्त्याला लाटा येतात, माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. एक चाक वर तर दुसरं खाली, असं दिवसभर चालतं, त्यामुळे इकडे लिंक रॉड लवकर जातात.

खात्री करायची तर लिंक रॉड हाताने हलवून बघा, पण चाकं जमिनीवर असताना, खड्ड्यावर किंवा रॅम्पवर. जॅकवर चाक लोंबकळताना रॉड ताणलेला असतो आणि ढिला बॉलसुद्धा घट्ट लागतो. तरीही शंका असेल तर दोन्ही लिंक रॉड काढून ठेवा, बार वायरने बांधा म्हणजे कुठे आपटणार नाही, आणि त्याच खराब रस्त्यावर वीसच्या वेगात एक फेरी मारा. गाडी वळणावर जास्त झुकेल, म्हणून हायवेला न्यायची नाही. आवाज गेला तर नवे रॉड घाला. बसवताना मधला स्टड सहाकोनी पान्याने धरून नट आवळायचा, नाहीतर बॉल आत फिरत राहतो आणि नवा रॉड पहिल्या दिवशीच खराब होतो.

बारच्या बुशांचा आवाज जास्त करून कुरकुरीचा असतो. डिसेंबरच्या सकाळी असतो, दुपारी जातो, पाऊस पडला की दोन दिवस बंद. म्हणजे कोरडं रबर लोखंडावर घासतंय. नवा बुश घेताना बारची जाडी व्हर्नियरने मोजून न्या, एक मिलीमीटरच्या फरकाने बुश एकतर वाजतो किंवा बार जाम करतो. आणि आवाज बंद करायला बुडाला डिझेल किंवा जुनं ऑइल फवारून घेण्याची पद्धत सोडून द्या. नैसर्गिक रबर तेलाने फुगतं, मऊ पडतं आणि फाटतं. आठ दिवस शांतता मिळते आणि सगळे बुश एकदम जातात. वंगण द्यायचंच तर सिलिकॉन ग्रीस.

एकच जड ‘टक’, ब्रेक मारल्यावर किंवा रिव्हर्स घेऊन परत पुढे जाताना, हा लोअर आर्मच्या मागच्या मोठ्या बुशचा आवाज. टॉमी (लोखंडी पहार) घालून आर्म पुढे-मागे दाबला की रबरातली फट उघडते. फुटलेला बुश आणि कंपनीनेच मुद्दाम ठेवलेली पोकळी यात गल्लत करू नका. पोकळीची कड गुळगुळीत असते, फाटलेली कड खरबरीत.

बॉल जॉइंटला, म्हणजे लोअर आर्मच्या चाकाकडच्या टोकाच्या गोल सांध्याला, सूट नाही. चाक उचला, टायरखाली टॉमी घालून वर ढकला, दुसऱ्याने जॉइंटवर बोट ठेवावं. किंचितसं जरी खेळलं तरी बदला. तो निसटला की चाक आडवं होतं. मग चाक तीन आणि नऊच्या काट्यावर धरून हलवा. इथे ढिलाई लागली तर टाय रॉड एंड किंवा रॅक एंड, म्हणजे स्टेअरिंगची हालचाल चाकाला नेणाऱ्या दांड्याचे सांधे. इंजिन बंद ठेवून स्टेअरिंग थोडंसं डावं-उजवं हलवताना टकटक स्टेअरिंगच्या दांड्यातूनच हाताला लागली, तर रॅक बुश किंवा स्टेअरिंगचा जॉइंट.

मोठ्या खड्ड्यात लोखंडावर लोखंड आपटल्यासारखं ‘धाड’ झालं तर शॉकअपआधी बंप स्टॉपर बघा. त्याचा फोम उन्हाने आणि वयाने भुगा होतो, डस्ट कव्हरमध्ये पिवळी पूड सापडते. शॉकअप गेला की नाही ते धूळ सांगते. बाहेरून कोरडी, उडून जाणारी धूळ असेल तर तो बहुधा ठीक आहे. वरच्या बाजूला ओलसरपणा एवढाच असेल तरी घाई नको. पण तेल खाली ओघळून मातीचा काळा लगदा झाला असेल, किंवा टायरवर हात फिरवल्यावर चढ-उतार लागत असतील, तर गेला.

सस्पेन्शन उघडण्याआधी दहा मिनिटं फुकटच्या गोष्टींना द्या. त्याच खराब रस्त्यावर ब्रेक पायाने जेमतेम टेकवा. टकटक थांबली तर ब्रेक पॅड किंवा कॅलिपरची पिन वाजतेय. डिकीतली स्टेपनी, जॅक, पाना काढून घरी ठेवा. टाकीच्या पट्ट्यांचे नट बघा. मडगार्डच्या आतल्या प्लॅस्टिकच्या क्लिपा बघा. पूर्ण वळवलेल्या स्टेअरिंगवर ॲक्सिलरेटर देताना ‘कट-कट-कट’ असेल तर तो ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट, सस्पेन्शन नव्हे.

काम करून घेताना तीन ठिकाणी लक्ष ठेवा.

पहिलं, स्ट्रट उघडणं घरी करू नका. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये माणसाला मारण्याइतकी ताकद असते. समोरासमोर लावलेले दोन स्प्रिंग कॉम्प्रेसर हवेत. वायर किंवा दोरीने बांधून स्ट्रट उघडणाऱ्याच्या समोर उभंही राहू नका. वरचा नट एअर गनने मारला तर शॉकअपचा दांडा आत गरगर फिरतो आणि सील जातं. दांडा धरून हातपान्याने आवळायचा. नव्या स्प्रिंगआधी वाटीतून जुन्या वेढ्याचा तुकडा काढायला विसरू नका. तो राहिला तर नवी स्प्रिंगही तिरकी बसते.

दुसरं, आणि सगळ्यात जास्त चुकणारं: लोअर आर्मच्या बुशांचे बोल्ट चाक लोंबकळत असताना पूर्ण आवळायचे नाहीत. बुशची आतली नळी बोल्टने घट्ट पकडली जाते आणि पुढची सगळी हालचाल रबर पिळूनच होते. लोंबकळत्या अवस्थेत आवळलं तर गाडी जमिनीवर येताच रबर आधीच पिळलेलं असतं. प्रत्येक खड्डा त्यात भर घालतो, आणि नवा बुश सहा महिन्यांत फाटला की ‘पार्ट डुप्लिकेट होता’ म्हणतात. सुरुवातीचा कागद इथे काढा. समजा डाव्या पुढच्या चाकाचं माप 350 ठरलं. बोल्ट बोटाने लावा, आर्मखाली जॅक घालून हब एवढा वर उचला की हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेपवर 350 येईल. आता टॉर्क पाना लावा, आकडा गाडीच्या मॅन्युअलचा. स्प्रिंग बदललेली असेल तर माप चांगल्या बाजूचं घ्या, बसलेल्या बाजूचं नव्हे. जॅक आर्मखाली असताना गाडी स्टँडवरून उचलली जात नाही ना, याकडे एकाने बघत राहायचं.

तिसरं, स्ट्रटला नकलशी (चाकाचा हब धरणारा लोखंडी भाग) जोडणारे दोन बोल्ट काढण्याआधी डोक्याभोवती पांढऱ्या रंगाची खूण करून घ्या, म्हणजे कॅम्बर (चाकाचा उभा कल) जवळपास जागेवर येतो. अलाइनमेंट तरीही करावीच लागते. कॅलिपर ब्रेकच्या नळीवर लोंबकळू देऊ नका, तारेने टांगून ठेवा. एबीएसची वायर आधी सोडवा.

तुमच्या गाडीसाठी क्रम असा लावा: मापं, तिवईचा प्रयोग, डाव्या पुढच्या वाटीतली माती उकरणं, मग लिंक रॉड. अंदाज खरा निघाला तर खरेदी एवढीच: पुढच्या स्प्रिंगची जोडी, कारण एकट्या नव्या स्प्रिंगने गाडी उजवीकडे झुकेल, दोन माउंटिंग, बेअरिंग, बंप स्टॉपर, डस्ट कव्हर आणि दोन लिंक रॉड. स्ट्रट उघडलाच आहे आणि 85,000 झालेत, तर पुढचे दोन शॉकअप त्याच मजुरीत बदलणं पटण्यासारखं आहे. मागचे दोन, तेल ओघळत नसेल तर राहू द्या. ते नंतर कधीही दोन बोल्ट काढून निघतात, स्प्रिंगला हातही लावावा लागत नाही.

नव्या स्प्रिंगा बसायला दोन-तीनशे किलोमीटर घेतात. तेवढे झाले की त्याच जागी, त्याच हवेवर, डिकी रिकामी करून चारही मापं परत घ्या, वरचे नट एकदा तपासा आणि अलाइनमेंट तेव्हाच करा, त्याआधी नको. फरक 10 मिलीमीटरच्या आत आला असेल तर काम झालं. नाही आला आणि पुढच्या-मागच्या स्प्रिंगा नीट बसलेल्या असतील, तर दोन्ही स्ट्रटच्या वाट्या स्ट्रटच्या खालच्या टोकापासून किती उंचीवर आहेत ते मोजा. एखाद्या बाजूला चुकीच्या मॉडेलचा शॉकअप पूर्वी कोणीतरी बसवलेला असतो आणि त्याची वाटीच खाली असते.